एंडोमेट्रिओसिस आणि बाळासाठीचे उपचार: कुठून सुरुवात करायची, कुठे थांबून विचारायचं

सोनोग्राफीच्या रिपोर्टवर एकच ओळ होती: डाव्या ओव्हरीत ४.६ सेंमीची चॉकलेट सिस्ट, म्हणजे एंडोमेट्रिओसिसमुळे होणारी गाठ. त्या ओळीवर आम्हाला पंधरा दिवसांत तीन डॉक्टरांनी तीन सल्ले दिले. पहिले म्हणाले, दुर्बिणीतून गाठ काढून टाकू. दुसऱ्या मॅडमनी सहा महिन्यांच्या गोळ्या लिहून दिल्या. तिसऱ्यांनी सांगितलं, वेळ घालवू नका, थेट आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबीचे उपचार) करा. पुण्याहून सांगलीला परत येताना मी आणि नवरा गाडीत एकमेकांशी धड बोललोही नाही. कुणाचं ऐकायचं तेच कळेना.

आता कळतं, तिघांचंही आपापल्या जागी बरोबर होतं. प्रत्येक जण वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देत होता. गोळ्या दुखणं थांबवायला होत्या, ऑपरेशन गाठीसाठी होतं आणि आयव्हीएफ बाळासाठी. आम्ही प्रश्न न सांगताच उत्तर मागायला गेलो होतो.

मी डॉक्टर नाही, प्राथमिक शाळेत शिकवते. या आजारापायी एक ऑपरेशन, दोन ट्रान्सफर (लॅबमध्ये तयार झालेला भ्रूण गर्भाशयात सोडणं) आणि सहा वर्षं गेली. त्यात जे उशिरा समजलं, ते तुम्हाला आधी समजावं म्हणून हे लिहिलं आहे. उपचार तुमच्या डॉक्टरांनीच ठरवायचे. पण त्यांच्यासमोर बसताना काय विचारायचं, ते इथून घेऊन जा.

१. आधी आजार आणि मूल न राहणं यांचा संबंध समजून घ्या

गर्भाशयाच्या आत जसं अस्तर असतं, तशाच पेशी या आजारात गर्भाशयाच्या बाहेर वाढतात: ओव्हरीवर, नळ्यांवर, गर्भाशयाच्या मागच्या खोलगट जागेत, कधी आतड्यावर किंवा लघवीच्या पिशवीवर. पाळीच्या चक्रासोबत त्याही सुजतात, त्यांतून रक्त येतं आणि त्याला बाहेर पडायला वाट नसते. ओव्हरीत ते साठत गेलं की चॉकलेट सिस्ट होते. माझ्या ऑपरेशनचा व्हिडिओ मी पाहिला आहे. गाठ फुटली तेव्हा आतून जे बाहेर आलं ते हुबेहूब काकवीसारखं होतं, घट्ट आणि काळपट तपकिरी. आमच्याकडच्या गुऱ्हाळात लहानपणापासून पाहिलेला तो रंग स्वतःच्या पोटात पाहून मला रडू कोसळलं होतं.

हा आजार विरळा नाही. मूल होण्याच्या वयातल्या दहापैकी साधारण एका बाईला तो असतो. त्यांतल्या ३० ते ५० टक्के जणींना दिवस राहायला अडचण येते, असं वैद्यकीय पुस्तकं सांगतात. म्हणजे बऱ्याच जणींना कुठल्याही उपचाराशिवायही दिवस राहतात. रिपोर्टवर हा शब्द वाचला म्हणून सगळं संपलं असं धरून चालू नका.

अडचण नेमकी कुठे येते, तेही पाहा. सततच्या सुजेमुळे आतले अवयव एकमेकांना चिकटतात. मग नळीचं तोंड ओव्हरीपर्यंत पोचत नाही, अंडं उचललं जात नाही. नळ्या मोकळ्या असल्या तरी पोटातल्या सुजेचा अंड्यावर आणि शुक्राणूवर परिणाम होतो. ओव्हरीतल्या गाठीमुळे अंड्यांचा साठा घटतो. संबंधाच्या वेळी इतकं दुखतं की जोडपी नकळत एकमेकांना टाळू लागतात. हे शेवटचं कारण डॉक्टर बहुतेक विचारत नाहीत आणि आपण लाजेने सांगत नाही. सांगा. त्यावरही इलाज आहे.

आजाराच्या पहिली ते चौथी अशा चार पायऱ्या मानतात. पायरी आणि दुखणं यांचा मेळ असेलच असं नाही. चौथ्या पायरीवरच्या काहींना फारसं दुखत नाही आणि पहिल्या पायरीवरची मुलगी पाळीत दोन दिवस उठू शकत नाही. त्यामुळे ‘एवढं काय दुखतंय, सगळ्यांनाच दुखतं’ असं कुणी म्हणालं तर ते मनावर घेऊ नका.

आणखी एक वाक्य तुम्ही ऐकलं असेल: ‘लग्न होऊ दे, एक मूल झालं की पोट दुखायचं थांबेल.’ मला ते सोळाव्या वर्षापासून आजीने, मावशीने आणि गावातल्या डॉक्टरांनीही सांगितलं. गरोदरपणात पाळी बंद असते म्हणून काहींना तेवढा काळ आराम पडतो. पण गरोदरपण हा या आजारावरचा उपाय नाही. तुमच्या घरात दर महिन्याला शाळा बुडवणारी मुलगी असेल, तर तिला आत्ताच चांगल्या स्त्रीरोगतज्ज्ञाकडे न्या. लग्नापर्यंत थांबवू नका.

२. ‘दुखण्यासाठी की बाळासाठी?’ हे स्वतःशी ठरवा

सगळा गोंधळ इथेच होतो, म्हणून इथे जरा थांबा. दुखण्यावरचे उपचार आणि बाळासाठीचे उपचार पुष्कळदा एकमेकांच्या उलट दिशेला ओढतात.

डायनोजेस्ट २ मिलिग्रॅमची गोळी रोज, गर्भनिरोधक गोळ्या किंवा ल्युप्रोलाइडसारखी महिन्याची इंजेक्शनं, ही सगळी औषधं पाळीचं चक्र शांत करतात. दुखणं कमी होतं, पण त्या काळात अंडंही सहसा सुटत नाही. म्हणजे त्या सहा महिन्यांत दिवस राहण्याचा प्रयत्नच होत नाही. ‘आधी सहा महिने गोळ्या घेऊ, आजार दबेल, मग लवकर राहील’ असं मलाही वाटत होतं. युरोपातल्या प्रजनन-वैद्यकातल्या तज्ज्ञांच्या एश्रे या संघटनेने २०२२ साली ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत स्पष्ट म्हटलंय की फक्त दिवस राहण्याची शक्यता वाढावी म्हणून ही औषधं देऊ नयेत.

तुमचं वय २४ असेल, लग्न ठरायचं असेल आणि दुखण्याने जीव नकोसा झाला असेल, तर याच गोळ्या तुमच्यासाठी मोलाच्या आहेत. वय ३४ असेल आणि दोन वर्षं वाट पाहून झाली असेल, तर तेच सहा महिने तुम्हाला महाग पडतील. म्हणून प्रत्येक चिठ्ठीवर, प्रत्येक सल्ल्यावर हा एकच प्रश्न विचारा: ‘हे दुखण्यासाठी आहे की बाळासाठी?’ चांगले डॉक्टर या प्रश्नावर रागावत नाहीत. आमचे नंतरचे डॉक्टर तर म्हणाले, बरं झालं विचारलंत.

३. फाइल बांधा

आधी घरातले सगळे कागद गोळा करा. आमचे अर्धे कपाटात, अर्धे नवऱ्याच्या मोबाइलमध्ये आणि एक महत्त्वाचा कागद माहेरी होता. एक जाड प्लास्टिकची फाइल घ्या आणि तारखेप्रमाणे लावा:

- आतापर्यंतच्या सगळ्या सोनोग्राफी, रिपोर्ट आणि फिल्म दोन्ही. एमआरआय झाला असेल तर त्याची सीडी
- ऑपरेशन झालं असेल तर डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशन नोट, काढलेल्या गाठीचा बायोप्सी रिपोर्ट आणि व्हिडिओ (पेन ड्राइव्ह स्वतः घेऊन जा आणि मागून घ्या)
- एएमएच म्हणजे अंड्यांच्या साठ्याच्या रक्ततपासणीचे सगळे रिपोर्ट, तारीख आणि लॅबच्या नावासकट
- नळ्यांची तपासणी म्हणजे एचएसजी झाली असेल तर तिच्या फिल्म
- नवऱ्याची वीर्यतपासणी
- दोघांचे रक्तगट. एचआयव्ही, हिपॅटायटिस बी आणि सी, व्हीडीआरएल (गुप्तरोगाची तपासणी). तुमचे थायरॉइड, प्रोलॅक्टिन, हिमोग्लोबिन, साखर
- आजवर घेतलेल्या हार्मोनच्या औषधांची नावं आणि महिने
- दोघांचं आधार कार्ड, फोटो आणि विवाह नोंदणीचा दाखला (बहुतेक क्लिनिकमध्ये मागतात, लग्नाची नोंदणी राहिली असेल तर आत्ताच ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करून घ्या)

सोबत एक वही ठेवा. पाळीची तारीख, किती दिवस, कुठे आणि किती दुखलं, शौचाला किंवा लघवीला दुखलं का, संबंधाच्या वेळी दुखलं का, हे तीन महिने लिहा. पाळीच्या दिवसांत शौचाला दुखत असेल तर आजार आतड्याजवळ असू शकतो आणि त्यासाठी वेगळ्या तयारीचा सर्जन लागतो. माझ्या वहीतल्या या एका नोंदीमुळे पुढे एमआरआय झाला.

४. तपासण्या दोघांच्या करा

आजार बाईला आहे हे कळलं की नवऱ्याची तपासणी राहूनच जाते. आमच्याकडे दीड वर्ष राहिली. सासरी कुणाच्या मनातही आलं नाही. वीर्यतपासणी ही सगळ्यांत सोपी आणि स्वस्त तपासणी आहे. २ ते ७ दिवस संबंध न ठेवता नमुना द्यायचा असतो. ती आधी करा, कारण तिच्या निकालावर पुढचा सगळा मार्ग बदलू शकतो.

तुमच्यासाठी सगळ्यांत कामाची आहे ती योनीमार्गातून केलेली सोनोग्राफी, तीही एंडोमेट्रिओसिस ओळखण्याची नजर असलेल्या डॉक्टरांकडून. चॉकलेट सिस्ट त्यात बहुतेक वेळा दिसते. पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी केली तर ओव्हरीतल्या लहान फॉलिकलची, म्हणजे ज्यांत अंडी वाढतात त्या बारीक पिशव्यांची, मोजणीही होते. पाळी चालू असताना ही तपासणी करायचा संकोच वाटतो, पण ती तेव्हाच करतात. सोनोग्राफीच्या खोलीत हे रोजचंच असतं. आजार आहे की नाही एवढंच पाहायला दुर्बिणीचं ऑपरेशन आता सरसकट करत नाहीत. पण साधी सोनोग्राफी ‘नॉर्मल’ आली म्हणजे आजार नाहीच, असंही नसतं. ओव्हरीबाहेरचे बारीक ठिपके तिच्यात दिसत नाहीत.

एएमएच ही रक्ततपासणी अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देते. पाळीच्या कुठल्याही दिवशी करता येते. हार्मोनच्या गोळ्या चालू असतील तर आकडा कमी दिसू शकतो आणि लॅब बदलली तरी फरक पडतो, म्हणून शक्यतो एकाच लॅबमध्ये करा. एएमएच कमी म्हणजे मूल होणारच नाही, असा अर्थ काढू नका. तो अंड्यांची संख्या सांगतो, त्यांचा दर्जा सांगत नाही.

सीए-१२५ ही रक्ततपासणी कॅन्सरच्या शंकेतही करतात; माझा आकडा वाढलेला आला म्हणून माझ्या आईने चार रात्री जागून काढल्या. या आजारात तो वाढू शकतो आणि इतरही अनेक कारणांनी वाढतो. निदानासाठी त्याच्यावर विसंबत नाहीत. घरच्यांनी इंटरनेटवर शोधायच्या आत त्यांना हे सांगून ठेवा.

सोनोग्राफीत ॲडिनोमायोसिस, म्हणजे गर्भाशयाच्या स्नायूतच शिरलेलं अस्तर, आहे का हेही नाव घेऊन विचारा. एंडोमेट्रिओसिससोबत ते पुष्कळदा असतं आणि गर्भ रुजण्याशी त्याचा संबंध येतो.

५. ऑपरेशनला हो म्हणण्याआधी

माझी सगळ्यांत मोठी चूक इथे झाली. अठ्ठावीसाव्या वर्षी उजव्या ओव्हरीत गाठ निघाली. एका मोठ्या रुग्णालयात चार दिवसांत ऑपरेशन झालं. त्याआधी माझं एएमएच कुणी केलं नाही आणि मलाही ते माहीत नव्हतं. ऑपरेशननंतर आठ महिन्यांनी केलं तेव्हा १.१ म्हणजे कमीच आलं. आधी किती होतं, ऑपरेशनने किती गेलं, हे आता कधीच कळणार नाही. ते न कळणं मला अजून टोचतं.

गाठीचं आवरण ओव्हरीला घट्ट चिकटलेलं असतं. ते सोलून काढताना त्याच्यासोबत अंडी असलेला निरोगी थरही थोडा जातो. रक्त थांबवायला चटका दिला तर आणखी नुकसान होतं. दोन्ही बाजूंना गाठी असतील किंवा दुसऱ्यांदा ऑपरेशन असेल, तर धोका वाढतो. दुसऱ्या बाजूने पाहिलं तर नुसतं पाणी काढून गाठ रिकामी केली की ती लवकर परत भरते. म्हणजे ऑपरेशन करायचं तर नीट करायचं आणि ते करण्याआधी किती अंडी हाताशी आहेत ते पाहायचं.

ऑपरेशनचे फायदेही खरे आहेत. दुखणं खूप असेल तर आराम पडतो. पहिल्या-दुसऱ्या पायरीच्या आजारात दुर्बिणीतून डाग काढले, चिकटलेलं सोडवलं, तर आपसूक दिवस राहण्याची शक्यता वाढते. गाठ कॅन्सरची असल्याची शंका असेल किंवा गाठीमुळे अंडी काढायला सुईच पोचणार नसेल, तर ऑपरेशन लागतंच. पण ‘आयव्हीएफ करायचंय ना, मग आधी गाठ काढू’ एवढ्याच कारणासाठी सरसकट ऑपरेशन करू नये, असं एश्रेच्या सूचना सांगतात. त्याने मूल होण्याचं प्रमाण वाढत नाही. दुसऱ्या वेळी आमच्यासमोर हाच प्रश्न होता आणि आम्ही डाव्या ओव्हरीला हात लावू दिला नाही.

सर्जनसमोर बसाल तेव्हा हे विचारा आणि उत्तरं वहीत लिहून घ्या:

- हे ऑपरेशन दुखण्यासाठी आहे की बाळासाठी?
- माझं एएमएच आणि फॉलिकलची मोजणी पाहता माझ्या साठ्याला किती धोका आहे?
- आधी अंडी किंवा भ्रूण गोठवून ठेवावेत का?
- आतड्यावर आजार निघाला तर त्याच वेळी तो काढणारे सर्जन सोबत असतील का?
- ऑपरेशननंतर ईएफआय लिहून द्याल का?

हा ईएफआय म्हणजे ० ते १० असा गुणांक. वय, किती वर्षं प्रयत्न चालू आहेत, आधी कधी दिवस राहिले होते का, ऑपरेशनच्या शेवटी नळ्या आणि ओव्हरी कितपत काम करतील असं दिसलं, आजार किती होता, या सगळ्यावरून तो काढतात. २०१० पासून तो वापरात आहे. गुणांक चांगला असेल तर काही महिने घरीच प्रयत्न करायला हरकत नसते. अगदी कमी असेल तर थेट आयव्हीएफकडे वळलेलं बरं. आजाराच्या पायरीवरून हे कळत नाही. तरी पुष्कळ डिस्चार्ज कार्डांवर पायरी असते आणि ईएफआय नसतो. मागून घ्या.

लग्न न झालेल्या मुलींसाठी एक गोष्ट. दोन्ही ओव्हरींत गाठी असतील आणि ऑपरेशन टळत नसेल, तर आधी अंडी गोठवायचा विचार जरूर करा. २०२१ च्या कायद्यानुसार २१ वर्षांवरच्या अविवाहित बाईलाही नोंदणीकृत क्लिनिकमध्ये ही सेवा घेता येते. ‘लग्नाआधी हे कशाला’ असं घरचे म्हणतील. आई-वडिलांना सोबत घेऊन डॉक्टरांकडे जा आणि डॉक्टरांनाच समजावून सांगू द्या.

६. घरीच प्रयत्न, आययूआय की आयव्हीएफ

इतरांना वर्षभर वाट पाहायला सांगतात. तुमचं निदान झालेलं असेल तर तेवढं थांबू नका. आधीच तज्ज्ञांना भेटून योजना ठरवा. वय ३५ च्या पुढे असेल तर लगेच.

ढोबळ मानाने चित्र असं असतं. वय कमी, नळ्या मोकळ्या, आजार पहिल्या-दुसऱ्या पायरीचा, नवऱ्याचा रिपोर्ट चांगला: अशा वेळी अंडी वाढवायच्या औषधांसोबत आययूआय करून पाहतात. त्यात धुतलेले शुक्राणू बारीक नळीने गर्भाशयात सोडतात. साधारण ३ ते ४ वेळा करून यश आलं नाही तर पुढे सरकावं. एकीच्या सात-आठ आययूआय झाल्याचं मी रांगेत बसून ऐकलं आहे. तिची दोन वर्षं त्यात गेली.

नळ्या बंद किंवा चिकटलेल्या, साठा कमी, वय जास्त, नवऱ्याचा रिपोर्ट कमी किंवा इतर प्रयत्न फसलेले: यातलं काहीही असेल तर आयव्हीएफ. आयव्हीएफच्या इंजेक्शनांनी आजार भडकेल ही भीती मलाही होती. त्याने आजार परत उलटण्याचं प्रमाण वाढत नाही, असं अभ्यासांत दिसलंय.

आयव्हीएफच्या आधी ३ ते ६ महिने पाळी बंद ठेवणारी इंजेक्शनं द्यायची पद्धत पुष्कळ ठिकाणी आहे. आता सगळ्यांना सरसकट तसं देऊ नये असा सल्ला आहे. ॲडिनोमायोसिस असेल तर डॉक्टर कारण सांगून सुचवू शकतात. कारण सांगितलं नाही तर तोच आपला प्रश्न विचारा.

७. क्लिनिक निवडताना

भारतातला शास्त्रीय नोंदी असलेला पहिला टेस्ट ट्यूब बेबी मुंबईच्या केईएम रुग्णालयात, डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या हातून, ६ ऑगस्ट १९८६ रोजी जन्मला. आज तालुक्याच्या गावातही बोर्ड दिसतात. म्हणूनच नोंदणी तपासा. २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने प्रत्येक क्लिनिकला नोंदणी सक्तीची केली आहे. लेव्हल १ म्हणजे फक्त आययूआय. आयव्हीएफसाठी लेव्हल २ ची नोंदणी लागते. आपल्या गावचे डॉक्टर ‘आमच्याकडेही होतं’ म्हणाले तर प्रमाणपत्र पाहायला मागा. बाईचं वय २१ ते ५० आणि पुरुषाचं २१ ते ५५ या मर्यादेतच उपचार देता येतात. दोघांची लेखी संमती लागते. संमतीचे फॉर्म घरी नेऊन वाचा; आम्हाला ते अंडी काढायच्या दिवशी सकाळी सहा वाजता सही करायला दिले होते आणि मी सुईच्या भीतीने एक ओळही वाचली नाही.

मुलगाच होईल असं सुचवणारं कुणी भेटलं तर तिथून उठून या. लिंग निवडणं गुन्हा आहे.

खर्चाचा आकडा विचारताना ‘पॅकेजमध्ये काय नाही?’ असं विचारा. इंजेक्शनं, भूल, भ्रूण गोठवणं, वर्षाचं साठवणुकीचं भाडं, पुढचं प्रत्येक ट्रान्सफर, हे सहसा वेगळं असतं. साठा कमी असेल तर इंजेक्शनांचा डोस वाढतो आणि तिथेच अंदाज चुकतो. आमची पहिली सायकल औषधांसकट पावणेदोन लाखांच्या पुढे गेली. सांगितलेला आकडा एक लाख दहा हजार होता. गोव्याच्या वाचकांसाठी: बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात सरकारी आयव्हीएफ सुविधा आहे, आधी तिथे चौकशी करा.

विम्याचं नीट समजून घ्या. वंध्यत्वाचे उपचार बहुतेक आरोग्य विम्यांतून वगळलेले असतात. एंडोमेट्रिओसिसचं ऑपरेशन मात्र आजारावरचा उपचार म्हणून मिळू शकतं. त्यालाही पुष्कळ पॉलिसींत २ वर्षांचा प्रतीक्षा काळ असतो. डिस्चार्ज कार्डावर आजाराचं नाव, गाठीचा आकार आणि दुखण्याचा इतिहास न लिहिता नुसतं ‘वंध्यत्व’ असं लिहिलं गेलं तर दावा फेटाळला जातो. खोटं काही लिहून घ्यायचं नाही. जे खरं आहे ते पूर्ण लिहिलंय ना, एवढं डिस्चार्जच्या आधी पाहा.

८. आयव्हीएफची सायकल, दिवसाच्या हिशोबाने

पाळीच्या दुसऱ्या दिवशी सोनोग्राफी आणि रक्ततपासणी, मग त्याच किंवा पुढच्या दिवसापासून पोटावर इंजेक्शनं, साधारण ८ ते १२ दिवस. दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी. फॉलिकल पुरेशी मोठी झाली की ट्रिगरचं, म्हणजे अंडी पक्व करणारं शेवटचं इंजेक्शन आणि त्यानंतर ३४ ते ३६ तासांनी अंडी काढतात. ट्रिगरची वेळ मिनिटावर पाळायची असते. आम्ही दोघांच्या मोबाइलवर गजर लावून, शिवाय नणंदेला फोन करायला सांगून ठेवलं होतं.

इंजेक्शनं २ ते ८ अंशांत ठेवावी लागतात. बाहेरगावहून येणाऱ्यांनी आधीच रुंद तोंडाचा थर्मास घ्यावा. बर्फाच्या पॅकला इंजेक्शन थेट टेकू देऊ नका, मध्ये रुमाल घाला. गोठलं तर वाया जातं. पाचव्या दिवशी माझ्या चुलत दिराची हळद होती. कार्यालयाच्या वधूपक्षाच्या खोलीत, साड्यांच्या बॅगांवर बसून, रात्री आठ वाजता मी पोटाची चिमट धरून इंजेक्शन घेतलं. बाहेर हलगी वाजत होती. सासूबाई दाराला पाठ लावून उभ्या होत्या, कुणाला आत येऊ दिलं नाही त्यांनी. त्याआधी त्यांना काहीच सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. घरात एका तरी मोठ्या माणसाला सांगून ठेवा, असं मी आता सगळ्यांना सांगते.

अंडी काढताना थोडा वेळ भूल देतात. गाठ असेल तर डॉक्टर तिला सुई लागू न देण्याचा प्रयत्न करतात आणि जंतुसंसर्ग होऊ नये म्हणून अँटिबायोटिक देतात. याबद्दल आधी विचारून ठेवा. नंतर ताप आला, पोट खूप फुगलं, लघवी कमी झाली, दम लागला, तर रात्र असली तरी फोन करा.

मग आकडे गळत जातात आणि त्याची तयारी मनाशी ठेवा. माझी ७ अंडी निघाली, ५ पक्व होती, ४ फलित झाली, पाचव्या दिवसापर्यंत ३ भ्रूण टिकले. रोज सकाळी लॅबचा फोन यायचा आणि मी शाळेच्या व्हरांड्यात जाऊन तो घ्यायचे. एका नियमित सायकलमध्ये असंच होतं, तुमचं काही चुकलेलं नसतं.

पुष्कळ डॉक्टर भ्रूण गोठवून पुढच्या एखाद्या महिन्यात ट्रान्सफर करतात, म्हणजे मधल्या काळात शरीर शांत होतं. ट्रान्सफरला भूल लागत नाही, फक्त लघवीची पिशवी भरलेली ठेवावी लागते. नंतर खाटेला खिळून पडून राहायची गरज नसते. चालणं-फिरणं, हलकं काम चालतं. साधारण १२ ते १४ दिवसांनी बीटाची, म्हणजे दिवस राहिले का ते सांगणारी रक्ततपासणी. त्याआधी घरच्या पट्टीने रोज पाहू नका, ट्रिगरच्या इंजेक्शनामुळे ताज्या (भ्रूण न गोठवता केलेल्या) ट्रान्सफरमध्ये ती खोटी पॉझिटिव्हही येते.

९. बीटानंतर

निगेटिव्ह आला तर आठवडाभराने डॉक्टरांची वेगळी वेळ घ्या आणि वही काढा. भ्रूण कसा होता? अस्तर किती होतं? ॲडिनोमायोसिसचं काय? पुढच्या वेळी काय बदलणार आणि का? काहीच बदलणार नसेल तर दुसरं मत घ्या. फाइल तयार असल्यामुळे ते अवघड जात नाही. आमचा पहिला बीटा निगेटिव्ह आला तेव्हा मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. शाळेत रजा टाका, रडा. लगेच दुसरी सायकल ठरवायची घाई नको.

पॉझिटिव्ह आला तर सहाव्या-सातव्या आठवड्यातली सोनोग्राफी चुकवू नका. या आजारात गर्भ नळीत राहण्याचा आणि पहिल्या तीन महिन्यांत गर्भपाताचा धोका थोडा जास्त असतो. वार खाली असण्याचंही प्रमाण जास्त असतं. म्हणून गावाकडच्या बाळंतपणाच्या डॉक्टरांनाही ऑपरेशनची नोट दाखवा. पोटात एका बाजूला जोरात दुखलं, चक्कर आली, रक्त गेलं, तर थांबायचं नाही.

आमच्या दुसऱ्या ट्रान्सफरला दिवस राहिले. मुलगी आता तीन वर्षांची आहे. ती अकरा महिन्यांची असताना माझी पाळी परत आली आणि तिसऱ्या महिन्यात ते जुनं दुखणंही आलं. यावेळी डॉक्टरांनी डायनोजेस्ट लिहून दिलं तेव्हा मला विचारावं लागलं नाही. हे दुखण्यासाठी होतं आणि मी ते निर्धास्तपणे सुरू केलं. एक भ्रूण अजून गोठवलेला आहे. कायद्याने तो १० वर्षांपर्यंत ठेवता येतो. साठवणुकीचं भाडं दर मार्चमध्ये भरते आणि पावती त्याच फाइलला लावते.